निसटतं तेच हवं

बोटभर प्लास्टिकची नळी, आत लोखंडी गोळ्यांचा गच्च थर. प्रयोगशाळेत तिला नुसतं ‘कॉलम’ म्हणतात. ती चुंबकाच्या खाचेत बसवून वरून पेशी सोडल्या की खाली थेंब पडू लागतात, आणि माझी नजर त्या थेंबांवरून हटत नाही. कोलोनच्या श्टेफान मिल्टेनी आणि सहकाऱ्यांनी हे तंत्र १९९० साली प्रसिद्ध केलं. प्रतिपिंडांच्या मदतीने पेशीला लोहऑक्साइडचे सुमारे ५० नॅनोमीटरचे कण चिकटवायचे. एवढ्याशा कणाला नुसत्या चुंबकाची ओढ पुरत नाही. पण गोळ्यांमधल्या फटींत तीच ओढ कमालीची वाढते आणि पेशी अडकते. नळी चुंबकातून काढली की सुटते.

एरवी अडकलेल्या पेशी हव्या असतात. दुर्मिळ उत्परिवर्तनं शोधताना मात्र धान्य पाखडण्याच्या उलट होतं: सुपाबाहेर पडतं तेच मोलाचं. पिग-ए जनुक बिघडलं की सीडी५५, सीडी५९ ही प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर टिकत नाहीत. त्यांनाच कण चिकटवले, तर धडधाकट पेशी कॉलममध्ये राहतात आणि बिघडलेल्या वाहून खाली येतात. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. पुरुषात त्याची एकच प्रत, स्त्रीच्या पेशीतही एकच चालू. म्हणून एक घाव पुरतो. न्यूयॉर्कच्या डेव्हिड अराटेन आणि सहकाऱ्यांना १९९९ साली तपासलेल्या नऊही निरोगी माणसांच्या ग्रॅन्युलोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींत असे बिघाड सापडले: दहा लाखांत सरासरी २२.

या २२ पेशींनीच सगळ्यांचा घाम काढला आहे. कॉलमने ९९.९ टक्के पेशी पकडल्या, तरी दहा लाखांतल्या हजार धडधाकट पेशी खाली येतातच, आणि त्यांच्यात २२ शोधायच्या. मग दुसरा कॉलम, मग एकेक पेशी तपासणारा फ्लो सायटोमीटर. पेशींची गुठळी अडकू नये म्हणून आधी गाळणी. पेशी वाहून नेणाऱ्या बफर द्रावणात हवेचा बुडबुडा राहिला तर थेंबच थांबतो. मेलेल्या पेशींना कण वाटेल तसे चिकटतात. उलट काही खऱ्या उत्परिवर्तित पेशी आतच अडकून बसतात; किती, हे कळायला ठाऊक संख्येच्या तशा पेशी मुद्दाम मिसळून किती परत येतात ते बघावं लागतं. ही पडताळणी वगळून दिलेल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

एवढं करूनही पेशींची संख्या म्हणजे बिघाडांची संख्या नव्हे. अस्थिमज्जेतल्या एकाच बिघडलेल्या पेशीची ती सगळी लेकरं असू शकतात. बिघाड किती वेळा झाला हे ठरवायचं, तर वेचलेल्या पेशींच्या डीएनएतला क्रम वाचावाच लागतो, आणि तो वाचायला हातात उरतात अगदी मोजक्या पेशी.