परदेशी परीक्षा आणि आपली परिचारिका

अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करावयाचे, तर भारतात शिकलेल्या परिचारिकेलाही तेथील ‘एनक्लेक्स’ परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. १९९४ पासून ही परीक्षा संगणकावर होते. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अधिक कठीण. आज किमान ८५ व कमाल १५० प्रश्न असतात, वेळ ५ तासांचा. संगणक मध्येच केव्हा थांबेल, हे परीक्षार्थीस ठाऊक नसते.

परंतु खरी अडचण निराळीच आहे. रोगलक्षणे, औषधांच्या मात्रा तिला मुखोद्गत असतात. अडखळते ती ‘चार रुग्णांपैकी प्रथम कोणाकडे जाल?’ या प्रश्नापाशी. निर्णय डॉक्टरांचा, अंमलबजावणी आपली, ही शिस्त तिच्या अंगवळणी पडलेली. तेथे मात्र स्वतः करण्याजोगे काही उरले असता ‘डॉक्टरांना कळवीन’ हे उत्तर बहुधा चुकीचे ठरते. २०२३ पासून तर एकाच रुग्णाची हकिगत पुढे ठेवून ओळीने सहा प्रश्न विचारतात. रात्रपाळीत डॉक्टर येईपर्यंत असले निर्णय ती निमूटपणे घेतच आलेली असते. तिच्या नावावर मात्र ते कोणी मांडलेले नसतात. ड्यूटी संपवून, मुले निजल्यावर पुस्तक उघडणाऱ्या या बाईला आज जे नव्याने शिकावे लागते, ते आपल्या नर्सिंग महाविद्यालयांना पहिल्याच वर्षी शिकविता आले असते.