कोठारापासून चुलीपर्यंत

छत्तीसगडला भाताचे कोठार म्हणतात. तथापि कोठार भरलेले असणे ही एक गोष्ट आणि भूमिहीन मजुराच्या घरी चूल पेटणे ही निराळी गोष्ट. या दोहोंमधील वाटेवरच अन्नसुरक्षेची खरी परीक्षा होते. स्वस्त धान्याचे दुकान चार दिवस उशिरा उघडले, तर रायपूरच्या शंकर नगरातील पगारदाराला त्याची दखलही घ्यावी लागत नाही. पावसाळ्यात काम नसलेल्या खेड्यातील कुटुंबाला मात्र ते चार दिवस उसनवारीवर अथवा अर्धपोटी काढावे लागतात.

पूर्वी ही वाट ठिकठिकाणी गळत असे. खासगी दुकानदाराला रेशनवर नफा अल्प, आणि तोच तांदूळ बाजारात विकण्याचा मोह मोठा. म्हणून 2004 साली राज्य शासनाने ही दुकाने खासगी व्यक्तींकडून काढून घेऊन ग्रामपंचायती, सहकारी संस्था व महिला बचत गट यांच्याकडे सोपविली. क्विंटलमागे 8 रुपये असलेले कमिशन पुढे 30 रुपये झाले. सचोटीने वागून ज्या कामात पोट भरत नाही, तेथे सचोटी फार काळ टिकत नाही, हे त्यामागील व्यवहारज्ञान होय. पिवळ्या रंगाचे ट्रक धान्य थेट दुकानाशी आणू लागले. असा ट्रक शिरला की साऱ्या गावाला दिसतो, मग ‘माल आलाच नाही’ ही सबब चालत नाही.

डिसेंबर 2012 मध्ये राज्याने अन्नसुरक्षेचा स्वतःचा कायदा केला. देशाचा कायदा 2013 साली आला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी 5 किलो व अंत्योदय कुटुंबांना 35 किलो धान्य मिळते. जानेवारी 2023 पासून ते विनामूल्य आहे. ठरलेले धान्य न मिळाल्यास भत्त्याची तरतूद आहे. अर्थात, ही कृपा नव्हे, हक्क आहे.

परंतु हक्क कागदावर असून भागत नाही. आयुष्यभर मजुरी करून बोटांच्या रेषा झिजलेल्या वृद्धेचा ठसा यंत्राला ओळखता आला नाही, तर तिने रिकाम्या पिशवीने परतावे काय? ओळख पटविण्याचा दुसरा मार्ग दुकानात असलाच पाहिजे. तो नाकारला गेल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. हे तिला ठाऊक नसते. गावातील एखाद्या शिकलेल्या मुलाने तिचा अर्ज लिहून दिला, तरी त्या वाटेचा अखेरचा टप्पा पार पडेल.