जागतिक व्यापाराचे नियम : समता आणि न्याय

नियम सर्वांना सारखा असला म्हणजे तो न्याय्य झाला, असे आपण सहज गृहीत धरतो. जागतिक व्यापाराच्या क्षेत्रात हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे. त्यासाठी धान्यखरेदीविषयीचा एकच नियम पुरेसा ठरावा.

जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आली. तिच्या शेती करारानुसार सरकारने हमीभावाने धान्य खरेदी केल्यास हमीभाव आणि ठरावीक ‘संदर्भ किंमत’ यांतील फरक अनुदान मानला जातो. भारतासारख्या विकसनशील राष्ट्राला असे अनुदान त्या पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंतच देता येते.

खरी मेख संदर्भ किमतीत आहे. ती १९८६ ते १९८८ या काळातील सरासरी भावावर बांधलेली आहे. समजा, तेव्हा तांदूळ किलोला ४ रुपये होता आणि आज बाजारभाव व हमीभाव दोन्ही २४ रुपये आहेत. शेतकऱ्याला बाजारापेक्षा एक पैसाही अधिक मिळालेला नाही. तरीही किलोमागे २० रुपयांचे अनुदान दिल्याचे मानले जाते. म्हणजे महागाईच अनुदान म्हणून मोजली जाते. उलट, त्या काळी भरघोस अनुदाने देणाऱ्या संपन्न राष्ट्रांना ती २० टक्क्यांनी घटवून पुढेही देण्याचा हक्क मिळाला. अमेरिकेची ही मर्यादा वर्षाला १,९१० कोटी डॉलर आहे. ज्यांच्याजवळ पूर्वी देण्यास काही नव्हते, त्यांना पुढे देण्याचा हक्कही उरला नाही.

भारताचा अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याच वर्षी डिसेंबरात बाली येथील परिषदेत तात्पुरता तोडगा निघाला : अशा खरेदीविरुद्ध तूर्त तक्रार करू नये. कायमचा उपाय निघेपर्यंत ही सवलत चालू राहील, असे २०१४ साली स्पष्ट झाले. तांदळाच्या २०१८-१९ च्या हिशेबात मर्यादा ओलांडली गेली, तेव्हा भारताने तिचाच आधार घेतला. कायमचा उपाय मात्र २०२४ च्या अबूधाबी परिषदेतही निघाला नाही.

सरकारी साठ्यातील स्वस्त धान्य परदेशी बाजारात उतरेल, ही अन्य निर्यातदार देशांची शंका अगदीच निराधार नाही. अशा साठ्याच्या निर्यातीवर बंधन घालून आणि हिशेब खुले ठेवून ती दूर करता येईल. पण संदर्भ किंमत चालू काळाशी जोडणे, निदान तिच्यात महागाईची वजावट करणे, ही मागणी दयेची नव्हे. माप बरोबर असावे, एवढेच तिचे म्हणणे आहे.