पुस्तक पडद्यावर (लेखांक ७) : ओवी मोडेल का?

मुखपृष्ठाचं या वेळी लिहितो म्हटलं होतं, ते पुढच्या आठवड्यावर. कारण आमच्या तेलगावातल्याच एका निवृत्त गुरुजींचा प्रश्न आलाय आणि तो आधी घ्यायला हवा.

गुरुजींनी धारूर-माजलगाव भागातल्या आयाबायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. डीटीपीवाल्याने पीडीएफ करून दिली, ती गुरुजींनी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना धाडली. ज्यांच्या घरच्या त्या ओव्या, ती माणसं ऊसतोडीला गेलेली. फडावरून निरोप आला, ‘गुरुजी, अक्षरच दिसंना.’ आता कुणी सांगतं, ई-पब करा. गुरुजींना धास्ती एकच : ओवी मोडेल का?

अक्षर का दिसत नाही, ते मोजून पाहू. डेमी आकाराचं पान साडेपाच इंच रुंद. उभ्या धरलेल्या मोबाइलचा पडदा पावणेतीन इंचांच्या आसपास. म्हणजे १४ पॉइंटचं अक्षर तिथे जेमतेम ७ पॉइंटचं उरतं. बोटांनी मोठं करावं तर ओळीचं शेपूट पडद्याबाहेर. यात पीडीएफचा दोष नाही. पान कुठेही उघडलं तरी जसंच्या तसं दिसावं, याचसाठी अ‍ॅडोबीने १९९३ मध्ये ते आणलं. आपल्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिलं. तिथे ओळ जिथे लिहिली तिथे कायमची, वाचणाऱ्याने पासोडीपुढे उभं राहायचं. पीडीएफचीही रीत तीच. छापखान्यात द्यायचं पुस्तक, नकाशे, मोठे तक्ते, पानभर चित्रांचं बालपुस्तक यांना पीडीएफच योग्य.

ई-पबचं पोट वेगळं. एखाद्या ई-पब फाइलची प्रत काढा, नावाच्या शेवटचं ‘ईपब’ पुसून ‘झिप’ लिहा आणि संगणकावर उघडा. आत प्रकरणांच्या फाइली एकीकडे, चित्रं दुसरीकडे आणि मजकूर कसा दिसावा हे सांगणारं शैलीपत्रक तिसरीकडे. पडदा जेवढा रुंद तेवढी ओळ, वाचक वाढवील तेवढं अक्षर. ओवीची लांब ओळ पडद्यावर मावली नाही, तर उरलेला तुकडा खाली थोडा आत सरकून यावा, एवढी सूचना शैलीपत्रकात द्यायची. मग नवी ओळ कोणती आणि मागचीच कोणती, हे डोळ्यांना लगेच कळतं. ओवी मोडत नाही, गुरुजी.

मात्र त्याआधी एक परीक्षा घ्या. आपल्या पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून मोबाइलच्या संदेशात चिकटवा. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ उमटला, तर मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप झालेला आहे. तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागेल. अक्षरं देवनागरीच आली, पण ‘किती’ची पहिली वेलांटी सुटून भलतीकडे पडली, तर मजकूर युनिकोडचा असूनही पीडीएफमधून काढताना विस्कटतोय. अशा वेळी डीटीपीवाल्याकडून मूळ फाइल मागून घ्या. पीडीएफचं थेट ई-पब करणारी साधनं मराठीत अशी माती करतात, म्हणून त्या वाटेला जाऊ नका. युनिकोड मजकूर हाती आला, की ई-पब करायला सिजिल किंवा कॅलिबर ही साधनं मोफत आहेत. लिब्रे ऑफिसच्या रायटरमधूनही थेट ई-पब निघतं.

माझ्या जिव्हाळ्याची आणखी एक गोष्ट. ई-पबमध्ये पुस्तकाची भाषा नोंदवायची जागा असते, तिथे आणि प्रकरणांच्या फाइलींतही मराठीचा संकेत ‘एमआर’ लिहा, हिंदीचा नको. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे ठेवलेले असतात. भाषा मराठी आहे हे कळलं तरच ते बाहेर येतात. शिवाय ‘दर्‍या’, ‘सुर्‍या’ यांतला र नीट उमटतो का, हे साध्या, स्वस्त मोबाइलवर बघा. आपला वाचक तिथेच वाचणार आहे.

तेव्हा गुरुजी, छपाईसाठी पीडीएफ ठेवा, वाचणाऱ्यांना ई-पब द्या. आणि हे सर्वांनाच सांगतो : पुस्तकाची युनिकोडमधली मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा. अ‍ॅमेझॉनच्या किंडलसाठी एके काळी सगळे ‘मोबी’ साच्यातली फाइल करत. २०२१ पासून अ‍ॅमेझॉन नव्या सरळ मजकुराच्या पुस्तकांसाठी ते घेत नाही. साचे बदलत राहणार. मूळ मजकूर शुद्ध असेल, तर पुस्तक पुन्हा नव्या साच्यात घालता येईल.