तिसऱ्याचं पान मांडण्यापूर्वी

मैत्रिणींनो, कुत्र्याचं पिल्लू घरात यायला कितीसा वेळ लागतो? फार तर पाच मिनिटं. बाहेर पाऊस कोसळत असतो, शाळेतून आलेला मुलगा रेनकोटाआड काहीतरी लपवून दारात उभा असतो आणि म्हणतो, "आई, फक्त आजची रात्र." आपण रागवायला तोंड उघडतो, पण पाय मात्र जुना टॉवेल शोधायला आत वळलेले असतात. तो टॉवेल हातात आला, की समजावं, निम्मा निर्णय झाला!

गेल्या आषाढात आमच्याकडे नेमकं हेच झालं. एरवी यात सांगण्यासारखं काही नाही. पण आमच्या घरात आधीच दोन कुत्री होती आणि हे तिसरं. त्या तिसऱ्यापायी मी महिनाभर जो विचार केला, तो कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. घर जुनं, पुढे ओसरी, मागे पडवी. आमचा मोत्या बारा वर्षं पूर्ण करून तेराव्यात आहे. मागचे पाय आखडलेत, ऐकायलाही कमी येतं. दुसरी राणी. ती २०२१ च्या पुरानंतर आमच्या ओसरीवर येऊन बसली ती कायमचीच. दोघंही गावठी, दोघांची नसबंदी झालेली, आणि दोघांचं बरं जमतं. तिसरी ही चिमुरडी, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली. हिची आई रस्त्यावर गाडीखाली सापडली होती.

रात्री जेवणं झाल्यावर घरात सभा भरली. आमच्या सासूबाई दत्तभक्त. वाडीची पौर्णिमा सहसा चुकवत नाहीत. त्या म्हणाल्या, "सूनबाई, दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री असतात. तुझ्याकडे तर दोनच आहेत."

यावर आमचे हे म्हणाले, "आई, दत्तगुरूंना त्यांना सकाळी फिरवून आणावं लागत नाही."

मुलगा म्हणाला, "मी करीन सगळं." लेक म्हणाली, "मीपण." लेक यंदा बारावीला आहे. जूनमध्ये ती कुठे असेल, ते तिलाही ठाऊक नाही! मी मनात हिशेब केला. कुत्रं नीट सांभाळलं, तर बारा-तेरा वर्षं सहज जगतं. मी आज चव्वेचाळीस. म्हणजे हे पिल्लू म्हातारं होईल, तेव्हा मी सत्तावन्नची, मुलं आपापल्या वाटेनं गेलेली आणि सासूबाई नव्वदीच्या घरात. पिल्लू आज आणतो मुलगा, पण त्याचं म्हातारपण काढायचं असतं आईनं, हो की नाही?

शेवटी ठरलं, की "ठेवू" म्हणायचं नाही आणि "सोडू" असंही म्हणायचं नाही. एक महिना पाहुणी म्हणून ठेवायची आणि एक वही घालायची. डाव्या पानावर वेळ, उजव्या पानावर खर्च.

पाहुणीचा पहिला आठवडा

दुसऱ्याच दिवशी तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वय दोनेक महिन्यांचं सांगितलं, जंताचं औषध दिलं आणि पहिली लस टोचली. पिल्लाला पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर सुरू करतात आणि चार महिन्यांची होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा देतात. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, बहुतेक ठिकाणी दरसाल. एकदा टोचलं की झालं, असं मुळीच समजू नका.

डॉक्टरांनी आणखी एक बजावलं. "आठवडाभर हिला तुमच्या कुत्र्यांत मिसळू देऊ नका." रस्त्यावरचं पिल्लू वरून टुणटुणीत दिसलं, तरी रोग पोटात असू शकतो आणि तो चार-सहा दिवसांनी उठतो. म्हणून ठिपकी पडवीत राहिली. (हो, तोवर सासूबाईंनी नाव ठेवलं होतं. नाव ठेवू नका असं मी म्हणत होते, कारण नाव ठेवलं की माया जडते.) तिची ताटली वेगळी, पुसायचं फडकं वेगळं, आणि तिला हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे.

खाण्याचं म्हणाल, तर आपण हौसेनं बशीभर दूध ठेवतो, पण पुष्कळ पिल्लांना गाईम्हशीच्या दुधानं जुलाब होतात. मऊ भात, त्यात उकडलेलं अंडं किंवा बिनमसाल्याची कोंबडी कुस्करून थोडं थोडं, दिवसातून चार वेळा द्यावं. नुसत्या दूधभातावर किंवा भाकरीवर वाढत्या पिल्लाचं अंग भरत नाही. आणि उरलीसुरली आमटी कुत्र्याला घालण्याची आपल्याकडची रीत मात्र सोडा. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट तर विषच. शिजवलेलं हाडही देऊ नये, ते फुटून त्याच्या कपच्या होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

ओळखपाळख

आठवड्यानंतर तिघांची गाठ घालायची वेळ आली. एकदम घरात सोडायचं नाही. घर हे जुन्या कुत्र्यांचं राज्य असतं आणि तिथे परका आला, की त्यांचा पारा चढतो. आम्ही शेजारच्या वहिनींच्या अंगणात भेट घडवली. त्यांच्याकडे कुत्रं नाही, म्हणून जागा पिल्लाला धोक्याची नव्हती. आधी राणी एकटी, पट्टा सैल धरून. दुसऱ्या दिवशी मोत्या एकटा. दोघांना एकदम आणलं नाही, नाहीतर दोन मोठे एका बाजूला आणि पिल्लू एका बाजूला असं होतं.

घरात आल्यावर तिघांच्या ताटल्या तीन कोपऱ्यांत. तिघांची अंथरुणं वेगळी. आणि म्हाताऱ्याला पिल्लू पोचणार नाही अशी एक जागा हवीच. एवढं सगळं केलं, तरी बाराव्या दिवशी ठिपकीनं राणीच्या ताटलीत तोंड घातलं. राणी तिच्यावर धावली, आणि ह्यांनी सोडवायला मधे हात घातला. घाबरलेल्या पिल्लाचाच दात ह्यांच्या बोटात शिरला.

मैत्रिणींनो, भांडणाऱ्या कुत्र्यांच्या मधे हात कधीही घालू नका. ताटावर झाकण आपटा, पाणी ओता, घोंगडी टाका. आणि दात लागलाच, तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून पुरती पंधरा मिनिटं जखम धुवायची. तिखट, चुना, हळद काही भरायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. "एवढंसं तर पिल्लू, त्याला काय होतंय" असं म्हणायचं नाही. रेबीज एकदा उठला, की त्यावर इलाज नाही. वेळेवर घेतलेली लस हाच इलाज. ह्यांनी सरकारी दवाखान्यात जाऊन पूर्ण कोर्स घेतला, एकही तारीख चुकवली नाही. त्या फेऱ्याही मी वहीत डाव्या पानावर लिहिल्या.

वहीनं काय सांगितलं

खर्च तर होताच. डॉक्टर, औषधं, अंडी, मुलानं हट्टानं आणलेला पट्टा. पण खर्चानं मला अडवलं नसतं. दिवाळीची एक साडी कमी, इतकाच तो प्रश्न होता. डावं पान मात्र बघण्यासारखं निघालं. सकाळी पाऊण तास, दुपारी अर्धा, संध्याकाळी तास, रात्री दोनदा उठून पडवी पुसणं. मुलाचं अक्षर पहिले आठ दिवस दिसतं. पुढे माझंच.

एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. दोन कुत्री असताना माझे दोन हात पुरत होते. एक हात मोत्याच्या डोक्यावर, एक राणीच्या. तिसरं आलं, की कुणीतरी एक हाताबाहेर राहतं. ते कोण असतं? जे ओरडत नाही, ओढत नाही, ते!

पंधराव्या दिवसाच्या पानावर मुलानं पेन्सिलीनं एक ओळ लिहिली होती, "मोत्या आज स्वयंपाकघरात आला नाही."

ती वाचून माझ्या पोटात कालवलं. बारा वर्षं मी पोळ्या लाटायला बसले, की हा उंबऱ्याशी येऊन बसायचा. शेवटची पोळी त्याची. मी मागची पानं आठवू लागले, तर तो चार दिवस आला नव्हता. पिल्लू त्याचे कान ओढायचं, दुखऱ्या पायांवर उड्या मारायचं. तो बिचारा गुरगुरलाही नाही. उठून देवघरामागच्या अंधाऱ्या बोळात जाऊन पडला. आणि मला चार दिवस पत्ताही नाही!

पाणी चढलं तर?

दुसरी गोष्ट ह्यांनी काढली. सांगलीकर पावसाळ्यात घड्याळ बघत नाही, आयर्विन पुलाजवळचं पाणी किती फुटांवर गेलं ते बघतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही "आज उतरेल, उद्या उतरेल" म्हणत थांबलो आणि शेवटी बोटीतून बाहेर पडावं लागलं. बोटवाले म्हणाले, आधी माणसं. त्यांचं रास्तच होतं. ह्यांनी मोत्याला चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि सासूबाईंनी त्याचं तोंड पदराखाली झाकून धरलं. तसे आम्ही विश्रामबागला नणंदेकडे पोचलो. २०२१ मध्ये शहाणे झालो होतो, वेळेत निघालो.

"आता मोत्याला उचलायलाच एक माणूस लागतं," हे म्हणाले. "आईंचा हात धरायला एक. राणीला एक. ठिपकीला कोण?"

तुमच्या गावाला नदी नसेलही. पण लग्नकार्य असतं, आजारपण असतं, बदली असते. भाड्यानं नवीन घर बघताना "एक कुत्रं आहे" म्हटल्यावर घरमालकाचा चेहरा बघा, मग "तीन आहेत" म्हणून बघा. एक कुत्रं शेजारीण चार दिवस सांभाळते, दोन बहीण सांभाळते. तीन कोण सांभाळणार, त्या माणसाचं नाव आधी कागदावर लिहिता आलं पाहिजे.

मग काय ठरलं?

आम्ही नाही म्हटलं. लिहायला सोपं आहे, त्या रात्री मुलगा जेवला नाही, आणि खरं सांगते, मीही पडवीत बसून रडले.

पण नाही म्हणजे रस्त्यावर सोडणं नव्हे. लेकीच्या शाळेतल्या एक बाई निवृत्त होऊन दोन गल्ल्यांपलीकडे एकट्याच राहतात. त्यांचं कुत्रं गेल्या थंडीत गेलं. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "माझं वय अडुसष्ट. पिल्लू माझ्यामागे राहिलं तर?" प्रश्न खरा होता. आम्ही म्हटलं, "मागे राहिलं, तर आमच्याकडे येईल." लसी आमच्याकडून, सहा महिन्यांनंतर डॉक्टर सांगतील तेव्हा नसबंदीही आमच्याकडून. संध्याकाळी फिरवून आणायचं काम मुलाचं. ते मात्र तो आजवर नेमानं करतो आहे. घरातल्या तिसऱ्या कुत्र्यासाठी ज्याला आठ दिवसांत कंटाळा आला, तो बाईंच्या कुत्र्यासाठी पावसातही जातो! पोरांचं असंच असतं.

तर मग तिसरं कुत्रं कुणी आणूच नये का? तसं मी म्हणत नाही. घरातली दोन्ही कुत्री धडधाकट असतील, खेळकर असतील, जागा असेल आणि दिवसभर घरी असणारं माणूस मनापासून राजी असेल, तर जरूर आणा. फक्त आणण्यापूर्वी या गोष्टी पडताळा:

१. सगळ्यात म्हातारं वा अशक्त कुत्रं कोणतं? त्याचं काय हिरावलं जाईल?

२. नर-मादी कोण? दोन माद्यांचं एकदा बिनसलं, तर ते पुष्कळदा लवकर मिटत नाही. नसबंदी केली नाही, तर साधारण दर सहा महिन्यांनी माजाची धांदल, आणि दुर्लक्ष झालं तर दोन महिन्यांत घरात पिल्लंच पिल्लं.

३. मुलं घर सोडून गेल्यावर कोण करणार?

४. अडीअडचणीला सांभाळणाऱ्याचं नाव काय?

५. नगरपालिकेत नोंद, परवाना आणि सोसायटीचे नियम विचारले का?

आणि "एक महिना पाहुणं" ही आमची रीत जरूर वापरा. मात्र महिना संपल्यावर जायचं ठिकाण शोधायची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा.

ठिपकी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते. पाठमोरीच होते. उंबऱ्याशी नखं वाजली, मग धप्पकन बसल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही. शेवटची पोळी जरा मोठी लाटली, एवढंच.