हॅलोजन उतरवताना ट्रान्सफॉर्मरही पाहा

येरवड्यात नगर रस्त्यालगतच्या एखाद्या दुकानाने छतातला ५० वॉटचा हॅलोजन काढून ७ वॉटचा एलईडी लावला, तर रोज पाच तासांच्या वापरावर वर्षाला सुमारे ७८ युनिट वीज वाचते.

हॅलोजनमध्ये टंगस्टनची तार तापून उजळते. बहुतेक वीज उष्णतेत जाते. एलईडीत अर्धवाहकातून थेट प्रकाश निघतो. निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला, की उजेड पांढरा दिसतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

मग नवा दिवा कधीकधी लुकलुकतो कशाने? हॅलोजनसाठी बसवलेल्या १२ व्होल्टच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला अनेकदा किमान २० वॉटचा भार लागतो. सात वॉटवर तो अडखळतो. अशा वेळी त्याच्या जागी एलईडीचा ड्रायव्हर बसवावा लागतो.