मोठ्या टायरांचा हिशेब

शहरांतल्या पुष्कळ कुटुंबांच्या दारांत आज उंच बांध्याची पण आटोपशीर अशी एस्‌यूव्ही उभी असते. आठवडाभर ती कचेरीच्या वाटेवर धांवते आणि सुटी लागली म्हणजे घरच्या मंडळींना घेऊन सह्याद्रीच्या घाटांत, कोंकणांत किंवा एखाद्या धरणाच्या कांठीं जाते. अशा सहलींत कच्च्या रस्त्यावर गाडीचें पोट एकदां दगडाला घांसलें, कीं घरांतल्या तरुणांच्या मनांत विचार येतो: हिला जाडजूड, खोल नक्षीचे, मोठे टायर कां बसवूं नयेत? गाडी उंच होईल आणि रुबाबदारहि दिसेल. विचार गैर नाहीं. परंतु मोठ्या टायरानें काय मिळतें आणि त्याची किंमत कोठें कोठें मोजावी लागते, ह्याचा हिशेब आधीं मांडलेला बरा. तो आज आपण मांडूं.

टायराच्या कडेवर कांहीं आंकडे उठविलेले असतात. २०१२ सालीं भारतांत आलेल्या रेनो डस्टर गाडीचें उदाहरण घेऊं. तिच्या टायरावर २१५/६५ आर १६ असें माप होतें. २१५ ही टायराची मिलिमीटरांतील रुंदी. ६५ हा शेंकडा. म्हणजे टायराच्या कडेची उंची रुंदीच्या शेंकडा ६५, सुमारें १४० मिलिमीटर. आर हें अक्षर टायर रेडिअल पद्धतीचा असल्याचें सांगतें, आणि १६ हा आंतील रिमचा इंचांतला व्यास. रिमचा व्यास आणि वरची व खालची अशा दोन कडा मिळविल्या, कीं सबंध चाकाचा व्यास ६८६ मिलिमीटर भरतो.

आतां ह्याच रिमवर २१५/७० मापाचा टायर चढविला, तर व्यास ७०७ मिलिमीटर होतो. आणि हौस थोडी पुढें नेऊन २२५/७५ मापाचा चढविला, तर ७४४ मिलिमीटर. पहिल्या प्रकारांत व्यास साडेएकवीस, दुसऱ्यांत अठ्ठावन मिलिमीटरांनीं वाढला. पण गाडी तेवढी उंच झाली काय? नाहीं. गाडीचा भार चाकाच्या मध्यावर, आंसावर असतो. म्हणून व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची गाडीला मिळते. पहिल्या टायरानें पावणेअकरा मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या जाडीइतकी. दुसऱ्यानें एकोणतीस मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या पेराहून थोडी अधिक. लाभ निम्मा मिळतो. खर्च मात्र पुरा द्यावा लागतो.

तो खर्च असा. चाक मोठें झालें, कीं एका फेऱ्यांत तें अधिक अंतर कापतें. पण एंजिनाचा जोर तेवढाच असल्यामुळें जमिनीवर पडणारा रेटा त्या प्रमाणांत घटतो. आपल्या दुसऱ्या टायराचा व्यास शेंकडा साडेआठांनीं मोठा आहे. त्यामुळें प्रत्येक गिअरमधला रेटा शेंकडा आठाच्या आसपास कमी होतो. सपाट रस्त्यावर हें जाणवणार नाहीं. पण पांच माणसें आणि सामान घेऊन घाटाच्या उभ्या चढावर गाडी थांबली व पुन्हां हलवावयाची वेळ आली, म्हणजे क्लच अधिक वेळ घासत ठेवावा लागतो आणि त्याचें आयुष्य घटतें.

चढावर जें एंजिनाचें, तेंच उतारावर ब्रेकचें. ब्रेकची तबकडी पूर्वीचीच राहिली आणि चाकाची त्रिज्या वाढली, म्हणजे पाय तितकाच दाबूनहि रस्त्यावरची पकड कमी पडते. शिवाय चिखलाचे टायर वजनानें जड असतात, आणि हें वजन चाकाच्या धांवेवर, म्हणजे सर्वांत बाहेरच्या कडेला असतें. तेथलें वजन फिरवावयास आणि फिरतें थांबवावयास सर्वांत कठीण. लांबलचक घाट उतरतांना ब्रेक तापण्याचा धोका त्यामुळें वाढतो. त्यांत आणखी एक गोष्ट. खोल व विरळ नक्षीच्या टायराचें रबर डांबरी रस्त्याला कमी जागीं टेकतें. पावसानें ओल्या झालेल्या डांबरावर अशी गाडी थांबावयास अधिक अंतर घेते. वर्षांतले फार थोडे दिवस चिखलांत आणि बाकीचे डांबरावर काढणाऱ्या कुटुंबानें ह्या गोष्टीचा विचार सर्वांत आधीं करावा. कारण येथें प्रश्न पैशाचा नसून मागच्या आसनावर बसलेल्या मुलांचा आहे.

वेग दाखविणारा कांटाहि फसवूं लागतो. तो चाकाच्या फेऱ्या मोजतो, अंतर नव्हे. कांटा ८० दाखवीत असतांना ह्या मोठ्या टायरांची गाडी जवळजवळ ८७ किलोमीटरांच्या वेगानें जात असते. उलट, गाडी १०८ किलोमीटर चालली तरी नोंद १०० चीच होते. आणि मग पेट्रोल जेवढें वाढलें असेल त्याहूनहि अधिक वाढल्यासारखें वाटतें. पुढें जागेची अडचण. स्टिअरिंग पूर्ण वळविल्यावर टायर मडगार्डाच्या आंतल्या अस्तराला किंवा शॉक-अॅब्सॉर्बरला घांसूं शकतो. गाडी दुकानांत रिकामी उभी असतांना हें कळत नाहीं. भरलेली गाडी खड्ड्यांत आदळली, म्हणजे कळतें. स्टेपनीच्या खोबणींत नवें मोठें चाक मावेलच असेंहि नाहीं. आणि जुनी लहान स्टेपनी तीन मोठ्या चाकांबरोबर चालविणें हें चारी चाकांना जोर पोंचविणाऱ्या गाडीच्या यंत्राला अपायकारक असतें.

कायद्याची बाजूहि आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें उत्पादकानें मुळांत ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार मालकाला करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हें स्पष्टपणें सांगितलें आहे. अपघातानंतर विमा कंपनीशीं वाद घालीत बसण्यापेक्षां टायर घेण्यापूर्वीं गाडीची पुस्तिका उघडून पाहणें सोपें.

मग मोठ्या चाकाचा कांहींच उपयोग नाहीं काय? आहे. बैलगाडीचें चाक उगीच मोठें केलेलें नाहीं. मोठें चाक खड्ड्यांत कमी पडतें आणि दगडावर सहज चढतें. पण बैलगाडीला ताशीं ऐंशीच्या वेगानें घाट उतरावयाचा नसतो. आपल्याला हवी असलेली बरीचशी सोय माप न बदलतांहि मिळते. मराठवाड्यांतील काळी माती पावसांत टायराच्या बारीक नक्षींत भरून बसते आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागीं फिरतें. तेथें मोठ्या फटींची नक्षी माती बाहेर फेंकून देते. कोंकणांतील जांभ्या दगडाच्या धारेनें टायराची कड फाटते. तेथें भक्कम कडेचा टायर लागतो. हे दोन्ही गुण मूळ मापाच्याच, पण डांबर व कच्चा रस्ता अशा दोहोंसाठीं केलेल्या ए-टी जातीच्या टायरांत मिळतात. केवळ चिखलासाठीं केलेल्या एम-टी जातीच्या वाटेला शहरी कुटुंबानें जाऊं नये. टायर घेतांना भाराचा आंकडा मूळ टायराहून कमी नाहीं, हें पाहावें. ९८ हा आंकडा एका टायराला ७५० किलो भार दाखवितो. शेजारचें अक्षर वेगाची मर्यादा सांगतें.

सर्वांत स्वस्त उपाय तर हवेचाच आहे. मऊ जमिनीवर ३३ पौंडांची हवा २० ते २२ पौंडांपर्यंत उतरविली, तर टायर लांबट पसरतो, भार अधिक जागेवर वाटला जातो आणि चाक कमी रुततें. मात्र त्या वेळीं गाडी अगदी सावकाश हांकावी, आणि डांबरावर येण्यापूर्वीं हवा पूर्ववत् भरावी. कमी हवेनें वेगांत पळणारा टायर तापून फुटतो. त्यासाठीं हवा भरण्याचा लहान पंप आणि दाब पाहण्याचें मापक गाडींत असूं द्यावें.

सारांश, टायराचें माप बदलण्याआधीं टायराची जात बदलून पाहावी, आणि जात बदलण्याआधीं हवा सोडून पाहावी. एवढ्यावरहि जो रस्ता अडवील, तो बहुधा आपल्या गाडीसाठीं नव्हेच. तेथें गाडी सावलींत उभी करून पुढची वाट पायीं चालण्यांत कमीपणा नाहीं.